हळदीच्या सौद्याचे दर: डेटाबेसमधून ब्राउझरपर्यंत

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे हळदीचे सौदे रोज मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात भरले जातात: लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं, पोती, वजन, दर, खरेदीदार, तारीख. आता हे दर जत-कडेगावच्या शेतकऱ्याला घरबसल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये दिसायला हवेत. यातला बहुतेक घोळ एकाच सवयीतून होतो. टेबलातली ओळ उचलायची आणि जशीच्या तशी बाहेर पाठवायची, ही ती सवय. बाहेर काय जाणार आणि कोणत्या रूपात जाणार, हे सर्व्हरवरच ठरवायचं असतं.

ब्राउझर थेट डेटाबेसशी बोलत नाही आणि त्याला बोलू द्यायचंही नाही. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला पासवर्ड पेज उघडणाऱ्या कुणालाही वाचता येतो. म्हणून ३३०६ हा मायएसक्यूएलचा पोर्ट (कनेक्शनचं दार) बाहेरच्यांसाठी बंद ठेवा. मध्ये सर्व्हरवरचा प्रोग्राम हवा. तो पीएचपी, नोड, पायथन यांपैकी जे येतं त्यात लिहा, पुढचं बहुतेक तिन्हींना लागू आहे. या प्रोग्रामसाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा. त्याआधी फक्त जाहीर करायच्या कॉलमांचा एक व्ह्यू (टेबलाची निवडक खिडकी) बनवा आणि युजरला त्या व्ह्यूवरची सिलेक्टची, म्हणजे वाचण्याची, परवानगी तेवढी द्या. उद्या कुणी घाईत ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम द्या) लिहिलं, तरी मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक बाहेर जाणार नाहीत. कॉलम सीएसएसने (पेजच्या दिसण्याच्या नियमांनी) लपवून भागत नाही, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये तो उघडा दिसतो.

डेटा पोचवायच्या वाटा दोन. पेज सर्व्हरवरच तयार होत असेल, तर पहिल्या स्क्रीनचा डेटा पेजमध्येच जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची ठरलेली पद्धत) म्हणून ठेवता येतो. नेट कमजोर असेल तिथे ही वाट बरी, कारण दुसरी फेरी वाचते. डेटा स्क्रिप्ट टॅगमध्ये ठेवताना टॅगचा टाइप ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ द्या आणि ‘<’ हे चिन्ह एस्केप करा, म्हणजे टॅग समजलं जाणार नाही अशा रूपात लिहा (पीएचपीत ‘जेसन हेक्स टॅग’ हा फ्लॅग त्यासाठीच आहे). नाहीतर एखाद्या नावात किंवा शेऱ्यात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला, की पेज तिथेच तुटतं आणि कुणाचाही कोड त्यात घुसू शकतो. दुसरी वाट म्हणजे एपीआयचा (प्रोग्रामने डेटा मागण्यासाठीचा) पत्ता बनवून ब्राउझरमधून ‘फेच’ने डेटा मागवणं. तारीख बदलणं, माल निवडणं असं काही असेल, तर ही वाट लागतेच. तारीख किंवा माल क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या वाक्यात) जोडताना दोन स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा, म्हणजे क्वेरी आणि त्यात भरायचा मजकूर वेगळे पाठवा.

बाहेर जाणारी एक ओळ अशी असावी:

{"लॉट": "01187", "माल": "हळद, राजापुरी", "पोती": 42, "वजन_किलो": 2310, "क्विंटल_दर_पैसे": 1425000, "तारीख": "2025-03-10"}

लॉट अवतरणात आहे, कारण तो आकडा दिसला तरी आपण त्याची बेरीज करत नाही. शिवाय आकडा म्हणून पाठवला, तर पुढचं शून्य जातं. बिग-इंट (मायएसक्यूएलचा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) असलेल्या मोठ्या आयडींचंही तेच: जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो, त्यापुढे शेवटचे आकडे गुपचूप बदलतात.

दर पैशांत पाठवण्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं. मायएसक्यूएलचा डेसिमल (दशांशाचा) कॉलम नोडच्या किंवा पीएचपीच्या ड्रायव्हरमधून (डेटाबेसशी जोडणाऱ्या भागातून) बहुतेक वेळा स्ट्रिंग होऊन येतो. ब्राउझरमध्ये "14250.00" मध्ये 200 मिळवले, की उत्तर 14450 येत नाही, "14250.00200" येतं. स्क्रीनवर दोन दशांशांपर्यंत दाखवलं, तर ते 14250.00 दिसतं आणि चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. दरानुसार क्रम लावला, तर "9800" हा "14250" च्या वर बसतो, कारण तुलना अक्षरांची होते. पैशांतला पूर्णांक पाठवला, की दोन्ही भानगडी मिटतात. पट्टीची (शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाची) रक्कम मात्र ब्राउझरमध्ये काढूच नका. २३.१० क्विंटल गुणिले १४,२५० म्हणजे ३,२९,१७५ रुपये, हा हिशेब सर्व्हरवर करा आणि तयार आकडा पाठवा. छापील पट्टी आणि मोबाइल यांत रुपयाचा फरक पडला, तरी फोन दुकानालाच येतो.

जेसनमध्ये आकडे इंग्रजीच लागतात. देवनागरी ४२ अवतरणाविना लिहिला, तर जेसन वाचणारा पार्सर तो नाकारतो. देवनागरी रूप दाखवताना द्या: जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’मधल्या ‘नंबर फॉरमॅट’ला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देश) दिला, की ३,२९,१७५ असं लाखाच्या स्वल्पविरामासह येतं.

तारखेचा घोळ हमखास होतो. नोडमध्ये मायएसक्यूएलचा ड्रायव्हर डेट कॉलमचं जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करतो: १० मार्च, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. त्याचं जेसन होताना वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, म्हणजे साडेपाच तास मागे, ९ मार्च संध्याकाळी साडेसहा. पुढे कुणी पहिली दहा अक्षरं कापून दाखवली, की सोमवारचा सौदा रविवारचा होतो. उपाय म्हणजे ड्रायव्हरला तारखा स्ट्रिंग म्हणून द्यायला सांगा (‘डेट स्ट्रिंग्ज’ हा पर्याय), आणि नुसती तारीख असेल तिथे वेळ जोडूच नका.

मराठी अक्षरांसाठी टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) हवं, आणि बाहेर जाणारं जेसनही यूटीएफ-८मध्येच. कुठे बिघडलं, ते लक्षणांवरून कळतं. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील आणि ती टेबलातही असतील, तर साठवतानाच अक्षरं गेली, ती परत येणार नाहीत. विचित्र परदेशी अक्षरांची माळ दिसत असेल, तर बहुधा डेटा शाबूत आहे, वाचताना कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट चुकलाय. तिसरा प्रकार जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतो: मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, दुसरा इलाज नाही. पीएचपीत यूटीएफ-८ बिघडलेलं असेल, तर जेसन एन्कोड फॉल्स परत करतं आणि उत्तर कोरं जातं. ‘थ्रो ऑन एरर’ चालू ठेवा, निदान कळेल तरी. पीएचपी मराठी अक्षरं आपोआप एस्केपही करतं: ‘हळद’ला ९ बाइट्स पुरतात, तिथे १८ लागतात. ‘अनएस्केप्ड युनिकोड’ लावा आणि सर्व्हरवर जीझिप (डेटा आक्रसून पाठवणं) चालू करा.

ब्राउझरच्या बाजूला तीन गोष्टी सांभाळा. सर्व्हरने ५०० (सर्व्हरवर बिघाड) दिलं, तरी फेच त्याला चूक मानत नाही, म्हणून रिस्पॉन्सचं ‘ओके’ आधी तपासा. ‘<’ हे टोकन अनपेक्षित असल्याची तक्रार कन्सोलवर आली, तर जेसनऐवजी एचटीएमएल आलंय: पीएचपीची वॉर्निंग, लॉगिन पेज किंवा ४०४ (सापडलं नाही). आणि नाव, शेरा असलं काहीही ‘टेक्स्ट कंटेंट’ने दाखवा, ‘इनर एचटीएमएल’ने नाही, नाहीतर त्यात लपलेला कोड चालू शकतो.

एका वेळी ५० ओळी पुरेत. पुढचं पान ऑफसेटने (वरच्या इतक्या ओळी सोडून) मागवलं, तर सौदा चालू असताना वर नव्या ओळी येतात आणि जुन्या दोनदा दिसतात. त्याऐवजी शेवटच्या ओळीचा आयडी पाठवा आणि त्याहून लहान आयडींच्या ओळी मागवा.

पेज ५१७३ पोर्टवर आणि एपीआय ८००० वर असेल, तर ब्राउझर ते वेगळे पत्ते मानून उत्तर अडवतो. सीओआरएसच्या (दुसऱ्या पत्त्यावरच्या पेजला उत्तर वाचू देणाऱ्या) हेडरमध्ये पेजचा नेमका पत्ता लिहा, कुकी पाठवायची असेल तर ‘*’ चालत नाही. मात्र याला कुलूप समजू नका, ब्राउझरबाहेरून मागणाऱ्याला हे हेडर अडवत नाही.

दर आपोआप बदलावेत, असा आग्रह असेल, तर दर ३० सेकंदांनी विचारणं पुरतं. ई-टॅग (उत्तराची ओळखखूण) लावा, म्हणजे बदल नसताना फक्त ३०४ (बदल नाही) येतं. टॅब झाकलेला असताना विचारणं थांबवा. ‘सर्व्हर सेंट इव्हेंट्स’ (सर्व्हरने उघड्या कनेक्शनवरून स्वतःच बदल पाठवणं) छान आहेत, पण पीएचपीत प्रत्येक उघडं कनेक्शन एक वर्कर (मागण्या हाताळणारी प्रक्रिया) अडवून बसतं. स्वस्तातल्या होस्टिंगवर त्या वाटेला जाऊ नये.

शेतकऱ्याला स्वतःची पट्टी दाखवायची असेल, तर तो पत्ता दरांच्या पत्त्यापासून वेगळा ठेवा. पट्टी कुणाची, हे लॉगिनच्या सेशनवरून ठरवा, पत्त्यातल्या नंबरावरून नाही. तपासायला एका शेतकऱ्याच्या नावाने लॉगिन करा आणि पत्त्यात ०११८७ च्या जागी ०११८८ टाका. तो लॉट दुसऱ्याचा असेल, तर उत्तर ४०४ यायला हवं.