करवंदं-जांभळं खायचीच, पण आधी सुपारी-तंबाखूचा मावा थुंकून

सुरुवातीलाच सांगतो, फळं खाल्ली की तोंडाचा कॅन्सर होत नाही असं कोण छातीठोकपणे सांगत असेल तर मनावर घेऊ नका. पण फळाचा काहीच उपयोग नाही असंही नाही, आणि आपल्या खानापूर-बेळगाव भागात तर ही फळं रानात लोळत पडलेली असतात म्हणून लिहायला बसलोय.

फळं आणि तोंडाचा कॅन्सर ह्यावर मूळ काम झालंय अमेरिकेत, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत, ब्लॅक रास्पबेरी नावाच्या तिकडच्या काळ्या फळावर. आधी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात बघितलं, मग माणसांवर. तोंडात कॅन्सरच्या आधीचे डाग असलेल्या लोकांना ह्या बेरीची सुकी पावडर 10 टक्के घातलेलं जेल दिलं, दिवसातून 4 वेळा डागावर लावायचं, असं जवळजवळ 3 महिने. बऱ्याच जणांचे डाग लहान झाले, सगळ्यांचे नाही. ह्यात खरी गंमत अशी की जेल डागाला चिकटून बसत होतं, म्हणजे रस पोटात जाण्याआधी तोंडात किती वेळ थांबला ह्याला किंमत. आणि ती पावडर म्हणजे पाणी काढून आटवलेलं फळ, त्यामुळे मूठभर ताजी फळं म्हणजे ते औषध नव्हे हे डोक्यात ठेवा.

आपल्याकडे ब्लॅक रास्पबेरी कुठली मिळायला. परदेशी पाकिटाच्या मागं लागू नका, त्या बेरीचा जो काळा-जांभळा रंग आहे, अँथोसायनिन म्हणतात त्याला, त्याच जातीचा रंग जांभळात, पिकल्या करवंदात, तुतीत असतो. औषध म्हणून नाही, रोजचं फळ म्हणून खायचं.

मे महिन्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका बुट्ट्या घेऊन येतात तेव्हा करवंदं घ्या, पण काळी बघून. हिरवी लोणच्याला ठीक, त्यात तो रंग नसतो. लहानपणी करवंद चावून कोंबडा की कोंबडी खेळायचो बघा, आत लाल निघालं तर कोंबडा, तो लाल रस म्हणजेच हा रंग. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, चीक आणि माती सुटते. मग एकेक तोंडात टाकून गालात इकडून तिकडं फिरवत सावकाश खायचं, गपकन गिळायचं नाही. पाऊस लागला की जांभळं येतात, कन्नड शेजारी नेरळे म्हणतात, तीही तशीच. शेवटी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, लगेच ब्रश नको, आंबटानं दातावरचा थर मऊ झालेला असतो. ज्यांचं तोंड आधीच तिखटानं भगभगतं त्यांना करवंद सोसत नाही, त्यांनी जांभळाचा गर दह्यात कालवून घ्यावा, आणि ते भगभगणं डॉक्टरला दाखवावं.

सरबत करून बाटल्या भरायच्या तर भरा, पण उकळून रंग मरतो आणि साखर किलोनं जाते. त्यापेक्षा जांभळाच्या बिया काढून गर डब्यात घालून फ्रीझरला टाका, दिवाळीपर्यंत चमचा चमचा काढता येतो.

आता मुख्य दुखणं. गालात मावा आणि वरनं जांभूळ, ह्याला अर्थ नाही. कर्नाटकात 2013 ला गुटखा बंद झाला, तर पानमसाला वेगळा आणि तंबाखूची पुडी वेगळी, हातावर मिसळून चालूच आहे की. आणि 'मी नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही' म्हणणाऱ्यांनी ऐका, सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2004 मध्येच छापलंय. घरातल्या बायका मिश्री लावतात ती पण ह्याच यादीत.

माझा मावसभाऊ निपाणीचा, तिथं तंबाखूचा वास नाकात घेऊनच पोरं मोठी होतात. त्याच्या डाव्या गालात, जिथं मावा धरायचा बरोबर तिथंच, पांढरा डाग आला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता, पण मावा बंद कर म्हणाले. तलफ आली की हात खिशात जायचाच, म्हणून काकूनं करवंदं चिरून बिया काढून उन्हात सुकवली आणि त्याच्या जुन्या चुन्याच्या डबीत, घासून धुवून, भरून दिली. उन्हानं रंग उतरतो, पण इथं काम हाताला आणि गालाला काहीतरी द्यायचं होतं. दोनदा परत सुरू केलं त्यानं, तिसऱ्यांदा 1800-11-2356 ला फोन केला, फुकट आहे, पुडीवर छापलेला असतो तोच नंबर, मग सुटलं.

महिन्यातनं एकदा तोंड बघायचं. टॉर्च आणि आरसा घ्या, गाल बोटानं ओढून आतून बघा, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरड्या. पांढरा किंवा लाल डाग, गाठ, किंवा 2 आठवड्यात न भरणारी जखम दिसली तर थेट दाताच्या डॉक्टरकडे, घरी हळद लावत बसू नका. तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का तेही बघा, जात नसतील तर तोंड आखडतंय, ते सुपारीचं काम. आणि हे सगळं सकाळी करा, जांभळं खायच्या आधी, नाहीतर जीभ-गाल सगळं जांभळं आणि डाग कुठला ते कळत नाही. भाऊ एकदा तसाच घाबरून रात्री दहा वाजता माझ्या दारात आला होता, जीभ बाहेर काढून.