पाण्यातून गाडी काढलीत? डिफरन्शियलचं तेल बघा
हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून थार, जिम्नी काढली की आपण एअर फिल्टर बघतो, डिफरन्शियल, म्हणजे चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलमधला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, विसरतो. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या छिद्रातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून तेल कोमट असतानाच तपासा. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं आणि वरचं तेल चांगलंच दिसतं. आधी वरचा, तेल भरायचा फिलर प्लग सोडवा. तोच जाम असेल तर खालचा, तेल काढायचा प्लग अजिबात उघडू नका, तेल वाहून जाईल आणि नवं भरता येणार नाही. बोटाला दुधाळ तेल लागलं तर लगेच बदला. ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून तिचं तोंड उंचावर न्या, हे काम पावसाळ्याआधीच उरका.