तारण म्हणजे सोनेतारण नव्हे : ख्रिस्ती शब्द समजून घ्यावेत कसे, शिकवावेत कसे

चर्चमधल्या रविवारच्या वर्गात बायबलमधलं मार्क १०:४५ वाचत होतो. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, हे वचन. मागच्या बाकावरून नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, खंडणी? मग घेतली कुठल्या भाईनं?” वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या वचनाकडे वळलो. परतताना लोकलमध्ये उभा असताना लक्षात आलं, की पोरानं प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं होतं.

ज्या शहरात पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आहे, तिथे हा शब्द उच्चारला की बिल्डरला आलेला धमकीचा फोनच आठवणार. त्या रविवारनंतर मी शब्द शिकवण्याची एक पद्धत बसवली. प्रवचन करणाऱ्यांना, वर्ग घेणाऱ्यांना आणि घरी मुलांना शिकवणाऱ्यांनाही ती चालेल.

पहिली पायरी : शब्द आधी रस्त्यावर ऐका

आपले बहुतेक धर्मशब्द चर्चनं घडवलेले नाहीत. मिशनरी विल्यम केरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) निघाला, तेव्हापासून प्रत्येक भाषांतरकारानं लोकांच्या तोंडी असलेले शब्दच उचलले. त्यामुळे शब्द वर्गात येतो तो आपलं गाठोडं घेऊनच.

एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शब्दाचा बाजारातला अर्थ, दुसऱ्यात कीर्तनातला, तिसऱ्यात शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला. ‘तारण’ घ्या. पहिल्या रकान्यात कर्जासाठी गहाण ठेवलेल्या बांगड्या. ‘सोनेतारण कर्ज’ अशा पाट्या दादरपासून डोंबिवलीपर्यंत दिसतात. दुसऱ्यात भवसागर तरून जाणं. तिसरा रकाना तूर्त कोरा ठेवा. ‘मंडळी’ (आपल्याकडे चर्चसाठीचा शब्द) लिहा. “आमची मंडळी माहेरी गेलीय” म्हणणारे आजोबा अजून आहेत, भजनी मंडळी आहे, नाटक मंडळी आहे. गंमत म्हणजे हा शब्द शास्त्रातल्या अर्थाला चांगलाच जवळ आहे. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून जमवलेली माणसं, इमारत नव्हे. “मंडळीला रंग काढायचाय” असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबून समजावून सांगा.

दुसऱ्या रकान्याला नाकं मुरडू नका. १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. पूल पाडायचा नसतो. मात्र तो कुठून निघतो आणि कुठे उतरतो, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

दुसरी पायरी : दोन भाषांतरं शेजारी ठेवा

शब्दकोश नंतर उघडा. आधी तो शब्द असलेली चार-पाच वचनं काढा आणि ती निदान दोन भाषांतरांत वाचा. बायबल सोसायटीची प्रत बहुतेक घरांत असते. तिच्याजोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर ठेवा. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण छापून आलं. साध्या बायाबापड्यांना कळावं हा त्यांचा ध्यास होता. किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या, ज्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघांनी वेगळे शब्द वापरले असतील, तिथे खूण करा. शिकवण्यासारखं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तिसरी पायरी : मूळ शब्द कुठल्या घरचा, ते शोधा

इथे घाई करू नका. ग्रीक यायलाच हवं असं नाही, वचनांचा अर्थ उलगडणारं एखादं चांगलं टीकापुस्तक पुरतं. विचारायचं एवढंच : हा शब्द कोर्टातला, बाजारातला, की दवाखान्यातला?

तारणासाठीचं ग्रीक क्रियापद ‘सोझो’. मार्क ५:३४ मध्ये रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे. तिथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे तारणात सुटका आहे आणि बरं होणंही आहे. कोरा रकाना आता भरा.

‘नीतिमान ठरवणे’ (देवानं पापी माणसाला निर्दोष ठरवणं) हा कोर्टातला शब्द. ‘ठरवणे’ या क्रियापदावर बोट ठेवा. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो, त्याचा स्वभाव त्या क्षणी बदलत नाही. ज्यांनी किल्ला कोर्टाच्या तारखा काढल्या आहेत, त्यांना रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय सांगायला फार वेळ लागत नाही.

‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. ग्रीक ‘मेटानोइया’ मात्र मन पालटणं. मत्तय २७:३ मध्ये येशूचा विश्वासघात करणारा यहूदा पस्तावतो, तिथे ग्रीकमध्ये वेगळाच शब्द आहे. मी वर्गात असं सांगतो : बोरिवलीला जायचं होतं आणि दादरला चर्चगेटची गाडी पकडली. गाडीत बसून कपाळावर हात मारणं हा नुसता पस्तावा. पुढच्या स्टेशनावर उतरून, पूल चढून, पलीकडच्या फलाटावर जाणं म्हणजे मेटानोइया.

आता ती खंडणी. ग्रीक ‘लुट्रोन’ म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली किंमत. पेशवाईच्या कागदपत्रांतली खंडणीही फोनवरच्या धमकीपेक्षा वेगळी, ठरवून वसूल केलेली रक्कम. मी आता वर्गात ‘सोडवणुकीची किंमत’ म्हणतो, मग वचनातला शब्द वाचतो. “घेतली कुणी?” हा त्या पोराचा प्रश्नही जुनाच निघाला. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं उत्तर दिलं, सैतानानं. चौथ्या शतकात धर्मगुरू नाझियान्झचा ग्रेगरी यावर भडकला : दरोडेखोराला एवढं मोल द्यायचं? अकराव्या शतकाच्या शेवटी आर्चबिशप अँसेल्मनं मांडलं, की सैतानाला काही देणं नव्हतंच, ऋण देवाचं होतं. वचनात घेणाऱ्याचं नावच नाही. भर सुटणाऱ्यांवर आहे. पुढच्या रविवारी हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मोठ्या लोकांनाही माहीत नव्हतं.” मी हो म्हटलं.

चौथी पायरी : काय नव्हे, तेही सांगा

‘देहधारण’ (देव माणूस झाला ही शिकवण) म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ‘अवतार’ येतो. येऊ द्या, पण फरक सांगा. गीतेतला देव युगे युगे येतो. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, एकदाच देही होतो, मरतो आणि त्याच देहानं उठतो. ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ इथे ग्रीकमध्ये अक्षरशः तंबू ठोकला असं आहे. आपल्याकडे ‘वस्ती’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, ते इथे मुळीच वावगं नाही.

‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तर जास्तच निसरडं. घारापुरीला बोटीनं जाऊन आलेली मुलं लगेच म्हणतात, “त्रिमूर्तीसारखं ना सर?” (तिथलं ते शिल्प खरं तर सदाशिवाचं, हा आणखी वेगळा घोळ.) उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी त्रैक्यात नाही. पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरणही देऊ नका. त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो आणि मंडळीनं तो फार पूर्वीच नाकारला आहे. ३२५ साली नीकिया इथल्या धर्मसभेत पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे एवढं ठरलं, तिथूनच सुरुवात करा.

पाचवी : समोर कोण बसलंय?

भाकर-द्राक्षारसाच्या विधीला वसईचा कॅथलिक ‘मिस्सा’ म्हणतो, प्रोटेस्टंट मंडळीत ‘प्रभुभोजन’. ‘प्रायश्चित्त’ म्हटलं की एकाला पापनिवेदनानंतर फादरनी सांगितलेल्या प्रार्थना आठवतात, तर दुसऱ्याला १ योहान २:२, जिथे ख्रिस्त स्वतःच प्रायश्चित्त आहे. नीतिमान ठरण्यावरून सोळाव्या शतकात चर्च दुभंगलं. त्याच मुद्द्यावर लूथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) आणि कॅथलिक मंडळींनी १९९९ साली ऑग्सबर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मिश्र वर्ग असेल तर हे दोन्ही सांगा.

शेवटची : शब्द न वापरता सांगून बघा

घरातल्या एखाद्या मावशीला गाठा आणि ‘कृपा’ हा शब्द न उच्चारता कृपा समजावून द्या. भाजी निवडताना तिनं मान वर करून “म्हणजे काय रे?” विचारलं, तर तुम्हालाच अजून कळलेलं नाही. पुन्हा वहीकडे जा.

एका बैठकीला एकच शब्द घ्या. पहिल्या फेरीत तारण, कृपा, पश्चात्ताप, नीतिमान आणि मंडळी एवढे पाच पुरेत. ‘पवित्रीकरण’ (हळूहळू पवित्र होत जाणं) पावसाळ्यानंतर काढा. जुलैत रुळांवर पाणी साचलं, की अर्धा वर्ग येतच नाही.