पुल-अप जमत नाही? सोपा प्रकार निवडताना या चुका टाळा

जोर मारताना गुडघे टेकवता येतात, बैठका मारताना खुर्चीचा आधार घेता येतो. पुल-अपमध्ये, म्हणजे दांडीला लोंबकळून हनुवटी तिच्या वर नेण्याच्या व्यायामात, मात्र लोंबकळल्या क्षणापासून जवळजवळ सगळे वजन हातांवर आणि पाठीवर येते. म्हणूनच व्हिडिओ पाहून घरी व्यायाम करणारे नवखे लोक पुल-अपची पाळी आली की एक तर तो भाग गाळतात, नाही तर डंबेल उचलून बायसेप कर्ल मारतात. कर्लमुळे कोपर वाकवणारे स्नायू बळकट होतात हे खरे. पण वर गेलेला दंड धडाकडे खेचून आणण्याचे मुख्य काम काखेमागून कमरेपर्यंत पसरलेल्या ‘लॅटिसिमस डॉर्साय’ या स्नायूचे असते आणि कर्लमध्ये त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. सोपा प्रकार निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. अडचण होते ती, जिथे आपण कच्चे आहोत नेमके तेच काम टाळणारा प्रकार निवडल्यामुळे.

रबरी बँडवर कायमचे विसंबून राहणे

बँड दांडीला अडकवून त्यात पाय किंवा गुडघा ठेवला की पहिल्याच दिवशी हनुवटी दांडीच्या वर जाते, त्यामुळे हा प्रकार सर्वांना आवडतो. मात्र बँड जितका जास्त ताणला जाईल तितका तो जोराने वर ओढतो. म्हणजे सर्वांत जास्त मदत तळाशी मिळते आणि वर जाता जाता ती घटत जाते. त्यातही बँड जाड असेल, तर तळापासून मध्यापर्यंतचा प्रवास रबराच्या जोरावरच होतो आणि लोंबकळलेल्या अवस्थेतून पहिली ओढ घेण्याचे काम शरीराला शिकायलाच मिळत नाही. अशा व्यक्तीला बँडवर दहा-बारा पुल-अप सहज जमतात, पण बँड काढला की ती जागची हलत नाही. एका बँडवर आठ पुल-अप नीट जमू लागले की त्याहून पातळ बँड घ्यावा आणि त्याच दिवशी बँडशिवायचेही थोडे काम करावे. आपल्याकडच्या उन्हात गॅलरीत पडून राहिलेल्या रबराला बारीक चिरा पडतात. ताणलेला बँड तुटला तर सरळ तोंडावर येतो, म्हणून वापरण्यापूर्वी तो बोटांनी ताणून पाहावा.

वर जाण्याचाच विचार करणे

स्नायू आखडताना जेवढे वजन उचलू शकतो, त्यापेक्षा जास्त वजन तो लांबत असताना सावरू शकतो. म्हणूनच ज्याला एकही पुल-अप येत नाही, त्यालाही स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर ठेवून तिथून सावकाश खाली उतरता येते. हाच ‘निगेटिव्ह’ प्रकार. माझ्या मते घरच्या सरावात याच्याइतका उपयोगी प्रकार दुसरा नाही आणि तो बिघडवणेही तितकेच सोपे आहे. बहुतेक जण पहिला अर्धा भाग सावकाश उतरतात आणि कोपर काटकोनात आल्यावर धपकन खाली येतात. तीन ते पाच सेकंदांचा वेळ संपूर्ण उतरणीवर सारखा वाटला गेला पाहिजे. त्यातही शेवटचा, हात सरळ होतानाचा टप्पा सुटू देऊ नये. ताबा सुटला की संच तिथेच थांबवावा. चार-पाच उतरणींचे तीन संच सुरुवातीला पुरेसे असतात. या प्रकाराने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू चांगलेच दुखतात, म्हणून मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्यावेत.

खांदे कानाशी नेऊन ओढणे

लोंबकळलेले असताना खांदे कानांपर्यंत वर गेलेले असतात आणि तसेच ठेवून ओढायला गेले की सगळा भार दंडांवर आणि मानेवर येतो. कोपर न वाकवता केवळ खांद्याची पाती खाली आणि किंचित मागे ओढून पाहावीत. शरीर जेमतेम दोन-तीन इंच वर उचलले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला इथे काहीच घडत नाही असे वाटते, पण पुल-अपची सुरुवात हीच आहे. हे आठ-दहा वेळा जमत नसेल, तर आधी तेवढेच करावे.

टेबल, दार आणि झोपाळ्याच्या कड्या

शरीर तिरपे किंवा आडवे ठेवून छाती दांडीकडे ओढणे, म्हणजे ‘इन्व्हर्टेड रो’, हा पुल-अपकडे नेणारा खात्रीचा रस्ता आहे. पण घरात त्यासाठी जे जुगाड केले जातात त्यांतले काही धोक्याचे असतात. जेवणाच्या टेबलाखाली झोपून त्याची कड धरून ओढले, तर ओढ टेबलाच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला बसते आणि हलके टेबल अंगावर येते. काचेच्या टेबलाचा तर विचारही करू नये. दोन खुर्च्यांवर झाडूचा दांडा ठेवणे हा त्याच जातीचा प्रकार.

दाराच्या चौकटीत बसणाऱ्या दांड्यांबाबतही थोडे थांबून पाहावे. एका प्रकारची दांडी चौकटीवरच्या बाहेर आलेल्या पट्टीवर टेकते. आपल्याकडच्या अनेक फ्लॅटमध्ये चौकट प्लास्टरला समतल असते आणि अशी पट्टीच नसते. दुसऱ्या प्रकारची दांडी फिरवून दोन्ही बाजूंना दाबून बसवतात. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या चौकटीवर तिचे रबर घसरू शकते. भिंतीत बोल्टने दांडी बसवायची असेल, तर ती काँक्रीटच्या तुळईत किंवा पक्क्या विटेच्या भिंतीत बसवावी. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर ओढीने निघून येऊ शकतो. पंख्याच्या हुकाला काहीही टांगू नये.

मराठी घरांत मात्र एक उत्तम सोय बऱ्याचदा आधीपासूनच असते, ती म्हणजे झोपाळ्याच्या कड्या. स्लॅबमध्ये पक्क्या बसवलेल्या, दोन मोठ्या माणसांना झोके देणाऱ्या कड्यांना फळी काढून व्यायामाच्या लाकडी रिंगा टांगता येतात आणि उंची हवी तशी बदलता येते. रिंगा छातीच्या पातळीवर ठेवून मागे रेलले तर काम हलके होते; पाय पुढे सरकवत नेले आणि धड जमिनीला समांतर होत गेले की तेच काम जड होते. दर आठवड्याला पाय एका फरशीने पुढे सरकवले, तर प्रगतीचे माप पायाखालीच मिळते. फक्त कडी गंजलेली नाही ना आणि आकड्याचे तोंड उघडलेले नाही ना, एवढे आधी तपासावे.

कड्या नसतील, तर जाड टॉवेलच्या टोकाला गाठ मारून ती बंद दाराच्या पलीकडे अडकवता येते. अशा वेळी आपण दाराच्या त्याच बाजूला उभे राहावे, जिथून ओढल्यावर दार चौकटीवर घट्ट बसते. उलट बाजूला उभे राहिलात तर ते अंगावर उघडेल. दाराची कडी लावावी आणि पलीकडे कोणी नाही ना, हेही पाहावे.

पायांची मदत न मोजणे

दांडीखाली स्टूल ठेवून पायांच्या बोटांनी थोडा आधार घेणे हा प्रकार बँडपेक्षा चांगला, कारण नेमकी जिथे गरज पडते तिथेच मदत घेता येते. परंतु थकत गेलो की पाय नकळत जास्त जोर लावतात आणि आपल्याला मात्र दहावा पुल-अप पहिल्यासारखाच झाला असे वाटते. रुंद, न डगमगणाऱ्या स्टुलावर वजनकाटा ठेवून बोटे त्यावर टेकवली आणि घरातल्या कोणाला आकडा पाहायला सांगितले, की सोंग उघडे पडते: ७० किलोच्या माणसाचा काटा ३० दाखवत असेल, तर तो साधारण ४० किलोच ओढत आहे. काट्याचे जुने मॉडेल यासाठी बरे. डिजिटल काटा बहुधा एकाच आकड्यावर अडकून बसतो.

घड्याळाशी शर्यत आणि कोपराचे दुखणे

चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती या पद्धतीच्या व्हिडिओंमध्ये पुल-अप बसवणे नवख्यांसाठी चुकीचे आहे, कारण पंधरा सेकंदांतच दम संपतो आणि उरलेला वेळ पाय झाडण्यात जातो. हा भाग सुरुवातीलाच, अंग गरम झाल्यावर, वेळेऐवजी संख्या मोजून आणि संचांमध्ये दोन मिनिटे थांबून करावा. श्वास रोखू नये. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाशी दुखू लागले, तर बहुधा सराव फार वेगाने वाढवलेला असतो. निगेटिव्ह काही दिवस बंद ठेवून केवळ रिंगांवरचे हलके काम चालू ठेवावे. रिंगा हाताबरोबर फिरतात, त्यामुळे मनगट आणि कोपराला आपापली सोयीची दिशा मिळते. दुखणे दोन-तीन आठवड्यांत उतरले नाही, रात्री झोपमोड करू लागले किंवा हात डोक्यावर नेतानाच खांदा अडू लागला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

पूर्ण पुल-अप आला की नाही, याची परीक्षा रोज घेऊ नये. चार आठवड्यांतून एकदा, ताज्या दमाने, तळवे स्वतःकडे वळवून प्रयत्न करावा, कारण या पकडीत बायसेपची मदत जास्त मिळते आणि पहिला पुल-अप बहुतेकांना याच पकडीत साधतो. तळाशीच अडलात, तर खांद्याच्या पात्यांचे काम वाढवावे. मध्यावर अडलात, तर निगेटिव्हमध्ये त्याच जागी दोन सेकंद थांबावे. आणि हनुवटी दांडीपासून दोन बोटे खाली राहिली, तर स्टुलावरून वर जाऊन तिथे दहा सेकंद नुसते टिकून राहण्याचा सराव पुढच्या महिन्यात करावा.