सेलोटेप खाली ठेवा! वंशावळींच्या ग्रंथालयात या चुका टाळा

वंशावळींच्या ग्रंथालयात वाळवीइतकंच नुकसान हौसेनं होतं. कीड निदान ओळखू येते. कात्री, डिंक आणि सेलोटेप घेऊन सुट्टीच्या दिवशी आनंदानं येणारा स्वयंसेवक तसा ओळखू येत नाही. मी त्यातलाच एक होतो. एका हस्तलिखित कुळवृत्तांताचं फाटलेलं पान मी मोठ्या प्रेमानं चिकटवलं होतं. काही वर्षांनी पट्टी सुकून गळून पडली. मागे पिवळट-तपकिरी डाग राहिला आणि शाई डिंकात उतरून दोन नावं पुसट झाली. ती नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती.

तेव्हापासून कशालाही हात घालण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: उद्या हे चुकलंसं वाटलं तर पुन्हा होतं तसं करता येईल का? पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं तर उचलून जागेवर ठेवता येतं. अशा चुकांसाठी इथे फार शब्द खर्च करत नाही.

फाटलेलं पान दिसलं की

काही करू नका. खरंच. पान तसंच एका आम्लरहित फोल्डरमध्ये किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सरकवून ठेवा. दुरुस्ती करायचीच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनं करतात. थोड्या ओलाव्यानं ती सोडवताही येते, हा तिचा मोठा गुण. पण तेही ज्यानं शिकून घेतलंय त्यानंच करावं, आणि सराव रद्दीवर करावा. आधीच कोणी चिकटपट्टी लावून ठेवली असेल तर ओढून काढू नका; तिच्याबरोबर कागदाचा थर निघून येतो.

लॅमिनेशन हा याच चुकीचा थोरला भाऊ. विसाव्या शतकात १९३०च्या दशकापासून पुढे मोठमोठ्या अभिलेखागारांनीही मौल्यवान कागद सेल्युलोज अॅसिटेटच्या पापुद्र्यात दाबून बसवले. आज तेच पापुद्रे सोडवण्यात त्यांचे जतनतज्ज्ञ वेळ घालवतात. जाणत्यांचंही चुकलं, त्यामुळे दुकानातल्या यंत्रात घालून जन्मदाखला ‘कायमचा सुरक्षित’ करणाऱ्या देणगीदाराला हसू नये. मात्र ग्रंथालयात तसं कधी करू नये.

टाचण्या आणि लोखंडी क्लिपा गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात, काढून टाका. ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते बहुधा पीव्हीसी असतं, फोटोंसाठी नको. फोटोच्या मागे बॉलपेननं नावं लिहू नका, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीनं कडेला लिहा. गुळगुळीत आधुनिक फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा, पण फोटो आत घालण्याआधी. वर्तमानपत्रातली कात्रणं स्वतः पिवळी पडतातच, शेजारच्या पानालाही डाग लावतात. त्यांची आम्लरहित कागदावर प्रत काढा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

पांढऱ्या हातमोज्यांबद्दल थोडक्यात: फोटोत छान दिसतात, पण बोटांची जाणीव जाते आणि नाजूक पानाची कड फाटते. कागदासाठी धुतलेले, कोरडे हात पुरेत. मोजे घालायचेच तर फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना, आणि तेही नायट्राइल या कृत्रिम रबराचे.

वास येतोय, आता काय?

कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास आणि फिल्मच्या डब्यातून येणारा आंबट वास, या दोघांचे आजार वेगळे आहेत.

कुबट वास म्हणजे दमटपणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. कागदाला साधारण ३० ते ५० टक्के मानवते, आणि आकड्याइतकंच महत्त्व स्थिरतेला आहे. दिवसा एसी आणि रात्री बंद, असा हेलकावा घातक. एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि रोजचे आकडे वहीत लिहा. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किमान १० सेंटिमीटर वर हवी.

पाणी शिरलंच, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. साधारण ४८ तासांत बुरशी दिसू लागते. तेवढ्या वेळात जे वाळवता येणार नाही ते पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये टाका. गोठवल्यानं पुस्तक बरं होत नाही, पण विचार करायला सवड मिळते. चकचकीत कागदाची पुस्तकं आधी उचला, कारण त्यांची पानं वाळता वाळता एकमेकांना कायमची चिकटतात. बुरशी आधीच धरली असेल तर पंखा तिच्याकडे वळवू नका, सगळ्या खोलीत बीजाणू उडतील. मास्क लावा, ते पुस्तक पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. ओल्या फडक्यानं पुसण्याचा मोह आवरा.

आंबट, व्हिनेगरसारखा वास जुन्या अॅसिटेट मायक्रोफिल्मचा, म्हणजे कागदपत्रांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मचा. फिल्म कुजताना निघणारं आम्ल कुजणं आणखी वाढवतं, म्हणून एक रीळ शेजारच्या रिळांनाही ओढतं. ते आजच वेगळं काढा, थंड जागी ठेवा आणि स्कॅनिंगच्या रांगेत पहिला नंबर द्या. पॉलिएस्टर फिल्मला हा रोग होत नाही.

कसर लागलेली पुस्तकं घट्ट बंद पिशवीत उणे २० अंशांना आठवडाभर ठेवली की कीड मरते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांच्यावर हा उपाय करू नये. फवारणीचं औषध पुस्तकावर तर मुळीच नको.

देणगी आली, की आधी कागद करा

‘बाबांनी आयुष्यभर जमवलेलं आहे, सांभाळा’ असं म्हणून कोणी सहा खोकी आणून ठेवतं, आणि संकोचापोटी आपण नुसतं ‘हो’ म्हणतो. दहा वर्षांनी धाकटी मुलगी येऊन खोकी परत मागते. देणगीपत्र एका पानाचं असलं तरी चालेल. कोणी दिलं, काय दिलं, कायमचं की सांभाळायला, नको असलेलं टाकायची मुभा आहे का, प्रती काढू द्यायच्या का. कागदाची मालकी आली म्हणजे लेखनाचा कॉपीराइट आला असं नसतं. तो स्वतंत्र लिहून घ्यावा लागतो. हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तकविधान, आजारपणं असलेले कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते कधी खुले करायचे तेही ठरवून ठेवा.

यातली खरी न सुधारणारी चूक पुढे होते. उत्साही मंडळी सहाही खोकी उपसतात आणि सगळं आडनावांप्रमाणे लावून टाकतात. दिसायला सुरेख. पण ज्यानं ते जमवलं त्या संशोधकानं अमुक पत्र तमुक दाखल्याशेजारी ठेवलं होतं, कारण दोन्हीतला माणूस एकच आहे असा त्याचा कयास होता, आणि तो कयास त्यानं कुठेच लिहिला नव्हता. मांडणी मोडली की तो कयासही गेला. खोकं जसं आलं तसं ठेवा, आडनावांची सूची वेगळी करा.

‘सुधारून’ लिहू नका

पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत वंशेतिहासाचा वर्गांक ९२९, आणि घराण्यांचे इतिहास ९२९.२. सामान्य ग्रंथालयात हे पुरतं. वंशावळींच्या ग्रंथालयात अर्धं कपाट एकाच आकड्याखाली येतं, म्हणून पुढे आडनाव किंवा गाव जोडावंच लागतं. ते राहून गेलं तरी ही चूक नंतर निस्तरता येते.

नोंदी उतरवून घेतानाची मात्र नाही. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांत तीन प्रकारे असतं, आणि नोंदवणारा मधलं ‘बरोबर’ मानून तिन्ही सारखं करतो. कागदावर जसं आहे तसंच उतरवा, आणि सूचीत ‘हेही पाहा’ द्या.

तारखांचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायद्यानं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे चर्चच्या एकाच वहीत मे १७३१मधलं लग्न आणि त्याच जोडप्याच्या बाळाचा फेब्रुवारी १७३१मधला बाप्तिस्मा सापडू शकतो. आजच्या डोळ्यांना बाळ लग्नाआधी तीन महिने जन्मलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते नऊ महिन्यांनी झालेलं असतं. म्हणून जाणकार १७३१/३२ असं लिहितात. तो तिरपा दंड ‘टंकलेखनाची चूक’ म्हणून काढून टाकणारा स्वयंसेवक एका सभ्य घराण्यात उगाच कुजबुज सुरू करतो.

स्कॅन झालं म्हणजे झालं नाही

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद तिथे जळाले. त्याआधी कोणी हौशी संशोधकांनी स्वतःसाठी वहीत उतरवून घेतलेल्या ओळी आज कित्येक घराण्यांसाठी एकमेव पुरावा आहेत. म्हणून प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या इमारतीत हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर. सीडीवर भिस्त ठेवू नका. मूळ स्कॅन टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइलीत ठेवा, वाचकांना हलकी जेपेग फाइल द्या. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधली माहिती जेडकॉममध्येही काढून ठेवा. हा १९८४ पासून चालत आलेला साधा मजकुराचा साचा आहे, सॉफ्टवेअर बंद पडलं तरी उघडतो. फोटो आणि टिपा त्यात नीट येतीलच असं नाही, ते तपासा. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत देणाऱ्यांना हात जोडून थांबवा.

आणि ज्याला सगळं ठाऊक आहे तो माणूस

प्रत्येक ग्रंथालयात असा एक जण असतो. किल्ल्या त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्या डोक्यात, ‘ते निळं खोकं’ कुठलं हे फक्त त्यालाच माहीत. त्याला मॅन्युअल लिही म्हटलं तर वर्षभर ‘बघू’ म्हणेल. त्यापेक्षा त्याला पंधरा दिवस सुट्टीवर पाठवा, फोन करायचा नाही असं ठरवा. या पंधरा दिवसांत कुठे कुठे काम अडलं ते उरलेल्यांनी दारामागे टांगलेल्या वहीत लिहायचं. तो परतला की ती वही त्याच्यापुढे ठेवा, आणि एकेका ओळीचं उत्तर त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणी तरी लिहून घ्या.