पॉप फिल्टर घ्यावा का? आधी ‘फ’ आणि ‘भ’ तपासून बघा

पॉडकास्ट, ऑडिओबुक किंवा व्हिडिओच्या निवेदनासाठी माइक मागवायला गेलं की खरेदीच्या पानावर पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोर लावायची जाळीची चकतीही लगेच पुढे येते. काही शे रुपयांचाच प्रश्न, म्हणून बरेच जण हा फिल्टर घेतात आणि माइकला अगदी खेटून बसवतात. तसा बसवला तर त्याचा फायदा जवळजवळ नाहीच. दुसरीकडे, मोबाइलच्या स्पीकरवर रेकॉर्डिंग ऐकून ‘आपल्याला नको’ म्हणणारेही असतात, त्यांचाही निर्णय बहुधा चुकतो. खालच्या चाचण्यांना अर्धा तास लागतो. त्या आधी करा, मग पैसे खर्च करा.

बिघडतं नेमकं काय

प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा साठते आणि ओठ उघडताच झोत बाहेर पडतो. आवाजाची लहर वेगळी आणि हा झोत वेगळा. लहर चहूकडे पसरते. झोत सरळ समोर जातो आणि जसजसा पुढे जाईल तसतसा मंदावतो. जवळ असलेल्या माइकच्या पडद्यावर तो आदळला की पडदा वाजवीपेक्षा जास्त ढकलला जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ असा ठोका येतो. या ठोक्याचा बहुतेक जोर २०० हर्ट्झच्या खाली असतो. मोबाइलचा छोटा स्पीकर तेवढा खालचा आवाज काढतच नाही, त्यामुळे फोनवर सगळं ठीक वाटतं. तेच हेडफोनवर किंवा गाडीत ऐकणाऱ्याला दर दुसऱ्या वाक्याला धक्का बसतो. म्हणून तपासणी नेहमी कान झाकणाऱ्या हेडफोनवरच करायची.

इंग्रजी मार्गदर्शकांत सगळा दोष ‘प’वर असतो, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवा सोडत म्हटला जातो. मराठी ‘प’ अल्पप्राण आहे. ‘पाणी’ म्हणताना निघणारी हवा त्या मानाने थोडी असते. आपल्याकडे खरा त्रास महाप्राणांचा: फणस, फोडणी, भाकरी, भीती, भोपळा. ‘म’ ओष्ठ्य असला तरी त्याची हवा नाकातून जाते, त्यामुळे तो ठोका देत नाही. मात्र नाकातली हवा खाली वाहते. हनुवटीखाली वर तोंड करून ठेवलेल्या माइकला हे फुंकर मारल्यासारखं ऐकू येतं, आणि फिल्टर समोर असला तरी ते थांबत नाही.

पायरी १: हाताने झोत शोधा

तळहात तोंडासमोर १० सेंमीवर धरा आणि ‘पाणी, फोडणी, भाकरी’ नेहमीच्या आवाजात म्हणा. ‘फ’ला हाताला हवा स्पष्ट लागेल. आता हात तेवढ्याच अंतरावर ठेवून ओठांच्या कोपऱ्याकडे, साधारण ४५ अंशांपर्यंत सरकवा. बहुतेकांना तिथे जवळजवळ काही लागत नाही. ती माइकची जागा. काहींचे ओठ किंचित एका बाजूला उघडतात, त्यामुळे दोन्ही बाजू तपासा आणि कमी हवा लागते ती निवडा.

पायरी २: माइक ओळखा

कॉलरला लावायचे बोया बीवाय-एम१ सारखे माइक सर्व दिशांनी ऐकणारे असतात आणि झोताच्या रेषेबाहेर छातीवर बसतात. त्यांना सोबत आलेली स्पंजची टोपी पुरते, वेगळा पॉप फिल्टर नको. शुअर एसएम५८ च्या जाळीत आतून स्पंजचं अस्तर असतं, एसएम७बी मध्येही ही सोय आहे आणि त्याच्या खोक्यात मोठा स्पंजही येतो. हे माइक ओठांना टेकवून बोललात तर तेही धपधपतील, पण चार बोटं लांब ठेवले तर बहुतेक आवाजांना पुरतात.

प्रश्न खरा येतो तो मोठ्या पडद्याच्या कंडेन्सर माइकचा. साध्या यूएसबी माइकपैकी बरेच कंडेन्सरच. त्यांची जाळी मोकळी असते आणि पडदा हलका, म्हणजे थोड्या हवेनेही डगमगणारा. शिवाय समोरून जास्त ऐकणारे, म्हणजे कार्डिओइड माइक सर्व दिशांनी ऐकणाऱ्यांपेक्षा हवेच्या झोताला जास्त बिचकतात. इथे आणखी एक गोष्ट पाहून घ्या: ब्लू येतीसारख्या माइकमध्ये बोलायचं ते बाजूने, टोकाकडून नाही. टोकाकडे तोंड करून बोलणाऱ्याचा आवाज पातळ आणि लांबून आल्यासारखा येतो, आणि मग त्यावर उपाय म्हणून लोक भलतंच काहीतरी विकत घेतात.

पायरी ३: चार टेक घ्या

पंखा बंद करा. दोन वाक्यं लिहून ठेवा. पहिलं ठोके शोधायला: ‘भल्या पहाटे बाबूभाऊ फाटकापाशी फुलांची परडी भरत बसले.’ दुसऱ्यात ओठ मिटणारं एकही अक्षर नाही, ते तुलनेला: ‘सकाळच्या उन्हात सारी शेतं चकाकत होती.’ आवाजाची पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहील.

पहिला टेक सरळ समोरून, १० सेंमीवर, काही न लावता. दुसऱ्यात अंतर तेच, पण माइक पायरी १ मध्ये सापडलेल्या जागी. त्याचं तोंड मात्र तुमच्या ओठांकडेच वळलेलं हवं, कारण झोत चुकवायचा आहे, आवाज नाही. तिसरा सरळ समोरून २५ सेंमीवर. चौथ्यासाठी १५ सेंमीवर, मध्ये तात्पुरता फिल्टर धरून. तो कसा करायचा ते पुढे आहे.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही टेकच्या आवाजाची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. ‘भल्या’ आणि ‘फाटका’ या शब्दांच्या सुरुवातीला झूम करा. बोलण्याच्या रेषा दाट आणि झटपट वरखाली जाणाऱ्या असतात. ठोका असेल तिथे त्यांच्या आधी किंवा त्यांना पोटात घेऊन एकच रुंद, संथ लाट दिसते, आणि ती बऱ्याचदा मधल्या रेषेच्या एकाच बाजूला जास्त झुकलेली असते. एकदा ओळखली की पुढे ती न ऐकताही सापडते.

निकाल कसा लावायचा

दुसरा टेक स्वच्छ आला आणि वाचताना तुमचं डोकं फार हलत नसेल, तर फिल्टर घेऊ नका. माइकची जागा हाच तुमचा फिल्टर.

तिसरा टेक ठोक्यांतून सुटला असेल, पण त्यात खोली ऐकू येते का ते बघा. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डीबीने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. फरशी, काचेच्या खिडक्या आणि मोकळ्या भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये २५ सेंमीवरूनच न्हाणीघरासारखं वाटायला लागतं. पॉप फिल्टरचं खरं काम इथे कळतं: तो आवाज सुधारत नाही, माइकजवळ राहण्याची मुभा देतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट यांनी खोली दबलेली असेल तर लांबून बोला, फिल्टरविना चालेल. खोली घुमत असेल तर जवळ यावंच लागेल आणि मग फिल्टर लागेलच; तो किती उपयोगी पडतो ते चौथ्या टेकमध्ये ऐका.

याखेरीज तीन परिस्थितींत चाचणी न करताही घ्या. पाहुणे बोलवत असाल तर, कारण त्यांना माइकची शिस्त नसते. गाणं रेकॉर्ड करत असाल तर. आणि तासन्‌तास वाचन करत असाल तर: थकलेला वाचक हळूहळू माइकसमोर सरकतो, शिवाय कंडेन्सरच्या पडद्यावर तुषार आणि बाष्प बसू न देणं हाही फायदाच.

‘स’, ‘श’ची शीळ, तोंडातली टचटच, पंख्याचा वारा, शेजारच्या मिक्सरची घरघर यांतलं काहीही पॉप फिल्टरने जात नाही. शीळ ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास असते, तिला डी-एसर, म्हणजे शीळ दाबणारा सॉफ्टवेअरमधला इफेक्ट लागतो किंवा माइक जरा तिरका करावा लागतो. पंख्याच्या वाऱ्याला माइक पूर्ण झाकणारा स्पंज थोडाफार उपयोगी, समोरची चकती नाही.

कोणता घ्यायचा

दुहेरी नायलॉनच्या जाळीची, १५ सेंमी व्यासाची चकती निवेदनाला पुरेशी आहे. दोन थरांत थोडं अंतर हवं. हवा पहिल्या थरावर फुटते, उरलेली दुसऱ्यावर. धातूच्या जाळीचा फिल्टर महाग, पण धुता येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. स्वस्त धातूच्या चकत्या कधीकधी मोठ्या ‘भ’ला स्वतःच हलकेच शीळ घालतात, म्हणून घेतल्यावर लगेच ते वाक्य रेकॉर्ड करून बघा. स्पंजची टोपी वरचे आवाज किंचित बुजवते आणि आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन तिचा भुगा पडायला लागतो, तो माइकच्या जाळीत जातो.

फिल्टरइतकंच लक्ष लवचिक दांड्याकडे द्या. हलका दांडा तासाभरात मान टाकतो, आणि चकती घसरत घसरत माइकवर टेकते.

घरच्या घरी तात्पुरता फिल्टर

भरतकामाची ६ इंची लाकडी रिंग घ्या. बायकांचे पातळ नायलॉनचे स्टॉकिंग किंवा मोजे उभे कापून रिंगमध्ये ताणून बसवा. दुसरा थर दुसऱ्या रिंगवर, आणि दोन्हींमध्ये सुमारे १ सेंमीचे थर्माकोलचे तुकडे ठेवून चिकटपट्टी लावा. कापडातून पलीकडचं दिसायला हवं. रुमाल, ओढणीचे दोन-तीन थर किंवा जाड मोजे लावले तर ‘चकाकत’मधला ‘च’ बोथट होतो. फिल्टर लावून आणि काढून दुसरं वाक्य ऐका. फरक कळता कामा नये. मग चकतीपलीकडे हात धरून ‘फोडणी’ म्हणा: हवा जवळजवळ लागायला नको.

बसवताना

माइक आणि फिल्टर यांत ५ ते ८ सेंमी, फिल्टर आणि ओठ यांत आणखी ५ ते १०. जाळीतून फुटलेल्या हवेला विरायला मोकळी जागा लागते, म्हणून माइकला चिकटवलेली चकती कुचकामी. एकूण अंतर १० सेंमीच्या आत आणलंत तर कार्डिओइड माइक खालचे स्वर फुगवतो आणि आवाज उगाच जाडजूड होतो. शक्य असेल तर माइक नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली झुकवा: ओठांचा झोत त्याच्या खालून निघून जातो आणि नाकातली हवाही चुकते. दांड्याचा चाप माइकच्या स्टँडला लावा, टेबलाला नाही. टेबलावरचा प्रत्येक धक्का त्यातून वर जातो.

ठोका आधीच रेकॉर्ड झाला असेल तर

ऑडॅसिटीत फक्त त्या अक्षराची सुरुवात, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी जागा निवडून १०० ते १५० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर कापणारा) २४ डीबीवर लावा. संपूर्ण रेकॉर्डिंगला १५० लावू नका: पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, तो पोकळ होईल. सगळ्या ट्रॅकला ८० पुरे. काम या क्रमाने करा: आधी हाय-पास, मग कंप्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा इफेक्ट). उलटं केलंत तर कंप्रेसर ठोक्याला घाबरून पुढचे शब्द दाबून टाकतो. आणि ठोका ० डीबीला टेकून वरचा भाग कापला गेला असेल, तर ते वाक्य सरळ पुन्हा वाचा.

नायलॉनची चकती महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून हलक्या हाताने धुवा, जाळी ओरबाडू नका. पावसाळ्यात ती पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच माइकसमोर लावा.