कंपनीवर केस झाली? लीगलवाल्यांनो, निदान या चुका तरी टाळा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे समन्स नक्की कोणत्या तारखेला आलं हे ऑफिसात कोणालाच धड सांगता न येणं. कमर्शिअल कोर्टात दावा जायला वादाची किमान रक्कम 2018 पासून 1 कोटीवरून 3 लाखांवर आलीये, म्हणजे व्हेंडरच्या थकलेल्या बिलाचं भांडणसुद्धा आता तिथेच जातं. तिथे लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, कोर्टाने कारण लिहून, खर्च लावून मुदत वाढवली तरी समन्स मिळाल्यापासून फार तर 120 दिवस, पुढे हक्कच संपला. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात हे पक्कं करून टाकलंय. साध्या दाव्यात 90 दिवस उलटले तरी कोर्ट कधीकधी सांभाळून घेतं, त्याच सवयीने लोक इथेही "पुढची तारीख घेऊ की" म्हणत बसतात.

चाकणची एक कंपनी. समन्स गेटवर सिक्युरिटीने घेतलं, इन्वर्डचा शिक्का मारला, वर व्हेंडरचं नाव दिसलं म्हणून अकाउंट्सला पाठवलं आणि तिथे ते बिलांच्या फाइलला लागलं. अकाउंट्सवाल्याने व्हेंडरला फोन केला, तो म्हणाला बसून मिटवू, मग हे निवांत. ऑडिटच्या वेळी फाइल उघडली तेव्हा 120 दिवस कधीच होऊन गेले होते. गंमत म्हणजे माल खरंच खराब होता, रिजेक्शन नोट्स होत्या, सगळं होतं, पण कैफियतच नाही तर बचाव मांडणार कुठे? समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी तेवढी करता आली. एमडी साहेब शेवटपर्यंत विचारत होते, "पण बरोबर आपणच आहोत ना?"

माझी सवय सांगतो, समन्स हातात आलं की पाकिटावर पेनाने तारीख, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर 30 वा आणि 120 वा दिवस लाल शाईने. ॲपच्या रिमाइंडरवर माझा विश्वास नाही, लोक ते स्वाइप करून मोकळे होतात. गेटवरच्या माणसालाही सांगून ठेवायचं, कोर्टाचा कागद आला की आधी मला फोन. तडजोडीची बोलणी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही हो! आणि समरी सूट (पैशाच्या वसुलीचा झटपट चालणारा दावा) असेल तर हजेरीलाच फक्त 10 दिवस आहेत.

दुसरी चूक कागदपत्रांची. कमर्शिअल दाव्यात आपल्याकडची सगळी संबंधित कागदपत्रं कैफियतीसोबत द्यावी लागतात, आपल्या विरोधात जाणारीसुद्धा. पण समन्स आलं की लोकांना आधी व्हॉट्सॲप ग्रुप साफ करायची घाई! काहीजण त्याच ग्रुपवर "चूक आपलीच होती" असं लिहूनही टाकतात. वर लीगलला सीसीत टाकलं की सगळं गोपनीय झालं असा समज. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केलंय की पगारी इन-हाउस वकिलाला प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलासारखं संरक्षण नाही. तेव्हा नाजूक गोष्टी बाहेरच्या वकिलाशी बोला. आयटीला त्याच दिवशी मेल, काहीही डिलीट करायचं नाही आणि सोडून जाणाऱ्या सेल्सवाल्याचा फोन रिसेट करायचा नाही. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य कायदा आलाय, चॅट-मेलसारखा डिजिटल पुरावा द्यायचा तर त्याच्या कलम 63 च्या सर्टिफिकेटमध्ये हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाची सही लागते, ते ऐन वेळी जमत नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. करारात आर्बिट्रेशन क्लॉज (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायची अट) असेल तर लवाद कायद्याच्या कलम 8 चा अर्ज पहिलं म्हणणं देण्याच्या आत, नंतर आठवून उपयोग नाही. समोरच्याने तातडीची मागणी नसताना आधी मीडिएशन (मध्यस्थामार्फत तडजोडीचा प्रयत्न) केलंय का, कमर्शिअल कोर्ट कायद्याचं कलम 12ए बघा. इन्शुरन्स पॉलिसी असेल तर इन्शुरन्स कंपनीला लगेच कळवा.

आणि "परिच्छेद 1 ते 40 नाकबूल" हे जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट करणाऱ्या नव्या पोरांनो, प्रत्येक मुद्दा का नाकारताय ते लिहावं लागतं, नाहीतर तो कबूल धरला जाऊ शकतो. चाळीस परिच्छेद वाचायला एक दुपार जाते, जाऊ दे की. डायरेक्टरकडून स्टेटमेंट ऑफ ट्रुथवर (कैफियतीतला मजकूर खरा असल्याच्या प्रतिज्ञेवर) सही घेतानाही त्यांना मजकूर वाचायला लावा, उलटतपासणीत "मी वाचलंच नव्हतं" म्हणणारे साहेब मी बघितलेत.